जुनी लेन्स घेताय? आधी मोटर कुठे आहे ते शोधा

माझी पहिली सेकंडहँड लेन्स ५० एमएमची होती. दुकानदाराने ती माझ्या कॅमेऱ्यावर ठेवून फिरवली, ‘टक्’ असा आवाज आला आणि तो म्हणाला, “बघा, बसली की नाही?” बसली होती. घरी येऊन शटरचं बटण अर्धं दाबलं, तर काहीच हललं नाही. ना घरघर, ना फोकस. मी रात्री उशिरापर्यंत लेन्सच्या मागचे, कॅमेऱ्याशी विजेने जोडणारे पितळी ठिपके पुसत बसलो होतो. दोन दिवसांनी उलगडा झाला. त्या लेन्समध्ये फोकस फिरवणारी मोटर नव्हती, आणि माझ्या बॉडीतही (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) नव्हती. लेन्स ठणठणीत होती, कॅमेराही ठणठणीत होता, फक्त दोघांची पत्रिका जुळत नव्हती.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी ‘बसते का’ एवढंच विचारलं होतं. ‘चालते का’ हे विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

ज्यांच्याकडे डीएसएलआर किंवा मिररलेस आहे आणि आता एखादी जुनी ऑटोफोकस लेन्स घ्यावीशी वाटतेय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अधूनमधून थोडा इतिहास येईल. तो टाळता येत नाही, कारण आज दुकानात जी गडबड होते, तिचं मूळ १९८५ ते १९८७ या तीन वर्षांत आहे.

जाताना सोबत काय हवं

- स्वतःची बॉडी, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि कार्ड. दुकानातल्या बॉडीवर लेन्स चालली, याचा तुम्हाला काहीही उपयोग नाही.
- बॉडीच्या मॅन्युअलमधलं ‘वापरता येणाऱ्या लेन्स’ हे पान. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.
- टॉर्च. मोबाइलचा चालतो.
- हवा मारायचा रबरी ब्लोअर आणि स्वच्छ मऊ कापड.
- बॉडीचं आणि लेन्सचं मागचं झाकण. जुन्या लेन्सबरोबर ते हमखास मिळत नाही.

१. आपल्या बॉडीचं माउंट नावानिशी माहीत करून घ्या

माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथे अडकते ते कडं. “माझा कॅननचा आहे” एवढं पुरत नाही. कॅननची एफडी, ईएफ, ईएफ-एस, ईएफ-एम आणि आरएफ ही वेगवेगळी माउंट आहेत. निकॉनची एफ आणि झेड. सोनीची ए आणि ई. यातलं ए माउंट मुळात मिनोल्टाचं. २००६ मध्ये तो व्यवसाय सोनीकडे आला आणि माउंटही त्याच्यासोबत आलं. त्यामुळे मिनोल्टाची १९८५ सालची लेन्स सोनीच्या ए माउंट डीएसएलआरवर बसते आणि चालतेही.

ईएफ-एस लेन्सवर जुळवणीची खूण पांढरा चौकोन असते, ईएफवर लाल ठिपका. ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) ईओएस डीएसएलआरवर बसत नाही, जोर लावू नका. आणि कॅनन सोडून निकॉनकडे आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: निकॉनची लेन्स बसवताना उलट्या दिशेने फिरते. सवयीने सुलट पिळणारे हात मी पाहिले आहेत. माझेही त्यातलेच.

२. लेन्स उलटी करा आणि मागची बाजू वाचा

सगळी गोम इथे आहे, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

ऑटोफोकस येण्याआधी माउंटचं काम यांत्रिक होतं. लेन्स घट्ट धरायची, फोटोच्या क्षणी एका दांडीने ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं, लहानमोठं होणारं भोक) मिटवायचं आणि ॲपर्चर किती ठेवलंय ते प्रकाश मोजणाऱ्या मीटरला कळवायचं. एम४२ नावाचं माउंट तर चक्क आट्यांचं होतं, बरणीच्या झाकणासारखी लेन्स फिरवून घट्ट करायची. आट्यांची लेन्स नेमकी कुठे येऊन थांबेल, हे दर लेन्सला थोडं इकडेतिकडे. मग विजेचे ठिपके समोरासमोर आणायचे कसे? खाचांमध्ये बसून ठरावीक कोनात ‘टक्’ करणाऱ्या बेयोनेट माउंटने हा प्रश्न सोडवला. निकॉनचं एफ १९५९ चं, पेंटॅक्सचं के १९७५ चं.

ऑटोफोकसचे पहिले प्रयोग या जुन्या माउंटवर ठिगळ लावून झाले. १९८१ मध्ये पेंटॅक्स एमई-एफ आला. त्याच्या ३५-७० झूममध्ये मोटर तर होतीच, शिवाय बॅटऱ्याही लेन्समध्येच घालायच्या. १९८३ मध्ये निकॉन एफ३एएफ, १९८५ मध्ये कॅनन टी८०. तिन्हींची मोटर लेन्समध्ये होती. आणि या व्यवस्थेसाठी ऑटोफोकस लेन्स किती निघाल्या? पेंटॅक्सची एक, निकॉनच्या दोन, कॅननच्या तीन. बाजाराने काय कौल दिला ते यावरून कळतं.

मग फेब्रुवारी १९८५ मध्ये मिनोल्टाने ७००० हा कॅमेरा आणला आणि मोटर लेन्समधून काढून बॉडीत बसवली. बॉडीच्या माउंटमधून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकासारखी छोटी चपटी काडी बाहेर येते, लेन्सच्या मागच्या खाचेत अडकते आणि फिरते, की लेन्समधली काच पुढेमागे सरकते. लेन्सला मोटर नको, म्हणून ती लहान आणि स्वस्त. यासाठी मिनोल्टाने नवं माउंट काढलं आणि आपल्याच जुन्या एमडी माउंटच्या लेन्सवाल्यांना वाऱ्यावर सोडलं. (ऑटोफोकसच्या पेटंटवरून हनीवेलने मिनोल्टाला अमेरिकेत कोर्टात खेचलं आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले, ही त्या कॅमेऱ्याची पुढची कथा.)

१९८६ मध्ये निकॉनने एफ-५०१ आणला. काडीची युक्ती तीच, पण माउंट जुनंच ठेवलं. १९५९ पासूनच्या गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही, असा पवित्रा.

मार्च १९८७ मध्ये कॅननने ईओएस ६५० आणला आणि सगळंच मोडून नव्याने मांडलं. मोटर पुन्हा लेन्समध्ये, ॲपर्चर हलवायलाही लेन्समध्येच वेगळी मोटर, आणि बॉडी व लेन्स यांच्यात एकही दांडी किंवा काडी नाही. फक्त विजेचे ठिपके. माउंटचं तोंडही मोठं केलं, निकॉनच्या ४४ मिमीसमोर ५४ मिमी. कॅननच्या जुन्या एफडी माउंटच्या लेन्सचा संच जमवलेले लोक भयंकर चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्तच होतं.

आता गंमत बघा. ज्याने गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडलं, त्या कॅननची १९८७ ची ईएफ लेन्स आजच्या आरएफ बॉडीवर कंपनीच्या ॲडॉप्टरने (दोन माउंट जोडणाऱ्या मधल्या कड्याने) फोकस करते. ज्याने माउंट जपलं, त्या निकॉनची जुनी लेन्स घेताना मात्र सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं. कारण बाहेरून तेच दिसणाऱ्या कड्याच्या आत साठ वर्षांच्या वेगवेगळ्या पद्धती दाटीने बसल्या आहेत.

तर लेन्स उलटी करून तीन गोष्टी शोधा:

- धातूचे ठिपके आहेत का? अजिबात नसतील तर लेन्स बहुधा पूर्ण हाताने चालवायची आहे. ऑटोफोकस विसरा.
- कड्यात छोटी खाच असलेली चकती आहे का? असेल तर ती लेन्स बॉडीच्या काडीवर फिरते. तिला मोटरवाली बॉडी लागेल. काही पेंटॅक्स लेन्समध्ये खाचही असते आणि मोटरही.
- ठिपके आहेत, खाच नाही? मग मोटर बहुतेक लेन्समध्ये आहे.

३. लेन्सवरची अक्षरं वाचा

निकॉनमध्ये नुसतं ‘एएफ’ किंवा ‘एएफ’च्या जोडीला आकड्यापुढे ‘डी’ असेल, तर काडीवाली. ‘एएफ-आय’, ‘एएफ-एस’, ‘एएफ-पी’ असेल तर मोटर आत. जाहिरातीत “५० एमएम एएफ” इतकंच लिहिलेलं असेल, तर विकणाऱ्याकडून लेन्सच्या मागचा फोटो मागवा. तो मिळेपर्यंत भावाची बोलणी करू नका.

‘एएफ-पी’ हा उलट्या बाजूचा सापळा. ही लेन्स २०१६ पासूनची, त्यामुळे जुन्या बॉडीलाच ती समजत नाही. डी९०, डी७०००, डी५१००, डी३२०० या बॉडींवर ती फोकस करत नाही, हातानेसुद्धा नाही, कारण तिची फोकस रिंग विजेवर चालते.

कॅनन ईएफ, ईएफ-एस: मोटर आतच. यूएसएम आणि एसटीएम हे मोटरचे प्रकार. एसटीएम लेन्स कॅमेऱ्यावर न लावता रिंग फिरवून बघाल तर फोकस सरकणार नाही. ती बिघडलेली नसते, तिला वीज मिळालेली नसते.

इतर कंपन्यांच्या लेन्स घेताना दुप्पट सावध. टॅमरॉनची ७०-३०० ही स्वस्त झूम निकॉनसाठी आधी मोटरशिवाय आणि नंतर मोटरसह निघाली. दोन्ही समोरून जुळ्या बहिणी. मागून पाहिल्याशिवाय कळत नाही. सिग्माच्या फिल्मच्या काळातल्या काही ईएफ माउंट लेन्स डिजिटल ईओएसवर फोकस करतात, पण ॲपर्चर मिटवायची वेळ आली की कॅमेरा एरर दाखवून गप्प बसतो. म्हणून सिग्मा तपासताना एफ/८ वर फोटो काढाच.

४. आपल्या बॉडीत मोटर आहे का?

हा प्रश्न मुख्यतः निकॉनवाल्यांचा. २००६ च्या डी४० पासून निकॉनने सुरुवातीच्या किमतीच्या बॉडींमधली मोटर काढून टाकली.

मोटर नाही: डी४०, डी४०एक्स, डी६०, डी३००० पासून डी३५०० पर्यंतची सगळी मालिका, आणि डी५००० पासून डी५६०० पर्यंतची.

मोटर आहे: डी५०, डी७०, डी८०, डी९०, डी२००, डी३००, सगळी डी७००० मालिका, डी५००, डी६००, डी७००, डी७५०, डी७८०, डी८०० आणि डी८५०.

यादी पाठ करायची गरज नाही. बॉडीचं झाकण काढून कड्याच्या खालच्या भागात बघा. चपट्या टोकाची काडी दिसली तर मोटर आहे.

निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीत मोटर नाही, आणि कंपनीच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्येही नाही. म्हणजे डी लेन्स बसेल, ॲपर्चर चालेल, मीटर चालेल, फोकस मात्र हाताने. सोनी ई बॉडीवर मिनोल्टाच्या काडीवाल्या लेन्स लावायच्या तर सोनीचा एलए-ईए४ किंवा एलए-ईए५ ॲडॉप्टर बघा, त्यांच्यात मोटर आहे. एलए-ईए३ मध्ये ती नाही. ईए५ मधली मोटर सोनीच्या मोजक्याच बॉडींवर चालते, तेव्हा आपली बॉडी यादीत आहे का ते आधी तपासा. पेंटॅक्सवाले सुखी आहेत, त्यांच्या डीएसएलआरमध्ये काडी असतेच.

५. ॲपर्चर कोण हलवतं?

फोकसच्या नादात हे राहून जातं आणि मग घोडं इथे अडतं.

निकॉनच्या डी लेन्सवर ॲपर्चरची रिंग असते. ती सर्वांत मोठ्या आकड्यावर, बहुधा नारिंगी २२ वर नेऊन शेजारच्या खटक्याने लॉक करा. नाही केलीत तर कॅमेऱ्यावर ‘एफईई’ अशी अक्षरं चमकतात आणि शटर पडत नाही. या तीन अक्षरांना घाबरून लेन्स परत करणारे लोक आहेत. उपाय एक सेकंदाचा आहे.

१९७७ च्या आधीच्या, मूळ स्थितीतल्या निकॉन लेन्स पुढच्या अनेक बॉडींवर लावूच नका. माउंटच्या कडेला मीटरसाठी एक नाजूक कान असतो, तो लेन्सच्या कडेखाली सापडून तुटतो. आपल्या बॉडीच्या मॅन्युअलमध्ये ‘एआय’ नसलेल्या, म्हणजे याच जुन्या लेन्सबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा.

कॅनन ईएफचं ॲपर्चर विजेवरच हलतं. त्यामुळे ईएफ लेन्स सोनीवर साध्या, बिनठिपक्यांच्या ॲडॉप्टरने लावलीत, तर ॲपर्चर सताड उघडं राहील आणि बदलता येणार नाही. ईएफसाठी ठिपकेवालाच ॲडॉप्टर हवा.

पेंटॅक्सवाल्यांसाठी एक खास खड्डा: रिकोच्या काही जुन्या के माउंट लेन्सना मागे एक जादा पिन असते. ती पेंटॅक्सच्या ऑटोफोकस बॉडीतल्या काडीच्या भोकात जाऊन अडकते, आणि मग लेन्स निघता निघत नाही. लेन्सवर ‘रिको’ किंवा ‘रिकेनॉन’ वाचलंत तर लावण्याआधी मागची पिन बघा.

६. ॲडॉप्टर घेण्याआधी एक वजाबाकी करा

माउंटच्या धातूच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. लेन्सचा आकडा बॉडीच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. मधला फरक म्हणजे ॲडॉप्टरची जाडी.

- निकॉन एफ: ४६.५ मिमी
- पेंटॅक्स के आणि एम४२: ४५.५ च्या आसपास
- मिनोल्टा/सोनी ए: ४४.५
- कॅनन ईएफ: ४४
- कॅनन एफडी: ४२
- कॅनन आरएफ: २०
- मायक्रो फोर थर्ड्स: १९.२५
- सोनी ई: १८
- निकॉन झेड: १६

निकॉन एफ लेन्स झेड बॉडीवर: ४६.५ वजा १६, म्हणजे ३०.५ मिमी जाडीचा ॲडॉप्टर. ईएफ लेन्स आरएफवर: २४ मिमी. एम४२ लेन्स ईएफ बॉडीवर: दीड मिमीची चकती, कशीबशी मावते. एम४२ लेन्स निकॉन एफ बॉडीवर: उत्तर उणे. म्हणजे लेन्स बसवली तरी दूरचा डोंगर कधीच स्पष्ट दिसणार नाही, किंवा मग मध्ये काच असलेला ॲडॉप्टर घ्यावा लागेल आणि ती काच चित्राची वाट लावेल. माझा सल्ला: उत्तर उणे आलं की विषय बंद.

वजाबाकी जमली म्हणजे लेन्स ‘बसेल’ एवढंच ठरलं. ‘चालेल’ का हे वरच्या पायऱ्यांवरून ठरवा. ऑटोफोकस देणारे चांगले ॲडॉप्टर महाग असतात. चार हजारांच्या लेन्ससाठी पंधरा हजारांचा ॲडॉप्टर म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पूर्ण हाताच्या लेन्सनाही ऑटोफोकस देण्याचा खटाटोप झाला आहे बरं का. १९९६ च्या कॉन्टॅक्स एएक्समध्ये लेन्स जागच्या जागी राहायची आणि बॉडीच्या आत फिल्मच मागेपुढे सरकायची. वीस वर्षांनी टेकआर्ट नावाच्या कंपनीने हाताने फोकस करायच्या लायका एम लेन्ससाठी सोनी ई बॉडीचा असाच ॲडॉप्टर काढला, तो अख्खी लेन्सच पुढे ढकलतो. नवख्याने यात पैसे घालू नयेत, पण कुठे दिसला तर हातात घेऊन बघाच.

७. दुकानात पाच मिनिटं

मुंबईत फोर्टातला बोरा बझार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, नाहीतर ओळखीतला एखादा लग्नाचा फोटोग्राफर. कुठेही घ्या, क्रम हा ठेवा:

1. कॅमेरा बंद करून लेन्स लावा. ‘टक्’ ऐका. बसल्यावर लेन्स किंचित डुलते का बघा.
2. कॅमेरा सुरू करून हाताच्या अंतरावरची वस्तू, मग रस्त्यापलीकडची पाटी, असा फोकस चारपाच वेळा करा. काडीवाल्या लेन्सचा आवाज मोठा असतो, तो दोष नाही. एकाच जागी अडखळत असेल तर तो दोष.
3. ऑटोफोकस सुरू असताना काडीवाल्या लेन्सची रिंग हाताने फिरवू नका. आधी बॉडीवरचा खटका ‘एम’वर न्या. जबरदस्ती केलीत तर आतल्या गिअरचे दात झिजतात.
4. सर्वांत उघड्या आणि सर्वांत मिटलेल्या ॲपर्चरवर एकेक फोटो काढा. दुसरा फोटो भलताच उजळ आला तर ॲपर्चरची पाती तेलाने चिकटली आहेत.
5. लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धूळ असणारच. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती सर्रास सापडते. किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या.

ठिपके काळे पडले असतील तर कोरड्या कापडाने हलकं पुसून पुन्हा लावून बघा. “फोकस होत नाही” म्हणून स्वस्तात निघालेली लेन्स कधीकधी एवढ्यानेच चालू होते. त्यावर विसंबून मात्र घेऊ नका.

८. पैसे देताना

बिलावर लेन्सचं पूर्ण नाव, अक्षरांसकट, आणि सिरियल नंबर लिहून घ्या. ‘५० एमएम लेन्स’ असं मोघम बिल परत करताना कामाचं नाही. परतीची मुदत तोंडी ठरली असेल तर तीही बिलावरच लिहायला सांगा. ऑनलाइन घेत असाल तर “माझ्या अमुक मॉडेलवर ऑटोफोकस होईल का?” असं बॉडीचं नाव घालून लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

लेन्स घरी आणल्यावर चामड्याच्या जुन्या पाऊचमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. त्यांचे रंग बदलणारे दाणे मिळतात, तेच घ्या. जूनमध्ये दर आठवड्याला डबा उघडून रंग बघायचा, आणि बदलला असेल तर दाणे तव्यावर मंद आचेवर गरम करून परत भरायचे.